सहा कोअर, बारा सल्लागार

नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाने घरच्या पीसीचा प्रोसेसर बदलायचं मनात आणलं, तर ते मनातच ठेवावं. हा सल्ला नाही, तक्रार आहे. सल्ला द्यायला माणसं पुष्कळ आहेत. तक्रार त्यांच्याचबद्दल आहे.

आमच्या पीसीकडून आमच्या फार अपेक्षा नाहीत. मी सोसायटीचा खजिनदार असल्यामुळे मेंटेनन्सची बिलं त्यावर निघतात, सिंकिंग फंडाचा हिशेब त्यात राहतो, जुलैत आयकराचं विवरणपत्र त्यावरून भरलं जातं आणि उरलेल्या वेळात तो टेबलाखाली धूळ जमवतो. मशीन २०१७ सालचं, सातव्या पिढीच्या आय-५ चं. त्याचं काही दुखत नव्हतं. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा एएमडीची रायझन २००० मालिका, निदान एवढं तरी लागतं. आमचा प्रोसेसर एका पिढीने हुकला. मुलगा म्हणाला, "बाबा, आता बदलाच." बायको म्हणाली, "सीपीयू चांगला तर चालतोय. कालच पुसलाय मी." घरात अशी दोनच मतं होती तोवर ठीक चाललं होतं. मग विषय जिन्यात गेला.

वास्तविक निवड सोपी होती. जुन्या मशीनमधली रॅम डीडीआर४ आहे. हल्लीचे भाव पाहता ती टाकून देण्याची कुणाची हिंमत होणार नाही. मुलाने कॉलेजच्या पहिल्या वर्षी 'प्रोजेक्टसाठी' घ्यायला लावलेलं ग्राफिक्स कार्डही घरात आहे. त्यावर आजवर एकही प्रोजेक्ट झालेला नाही, पण ते आहे. म्हणजे जुनी रॅम चालेल, आत ग्राफिक्स नसलं तरी चालेल आणि खिशाला झेपेल असा प्रोसेसर हवा. या अटींत बसणारे दोन ठळक उमेदवार: इंटेलचा कोअर आय-५ १२४००एफ आणि एएमडीचा रायझन ५ ५६००.

आता त्यांची माहिती पाहा. इंटेल: ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॅट, कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ. एएमडी: ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॅट, कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. फरक अजिबात नाही असं नाही. एएमडीत एल३ कॅश ३२ एमबी, इंटेलमध्ये १८. एएमडीचे कोअर ज्या तंत्राने घडतात त्याला सात नॅनोमीटरचं म्हणतात, तर इंटेलच्या तंत्राचं नाव 'इंटेल ७'. जुलै २०२१ पर्यंत त्याच तंत्राला कंपनी दहा नॅनोमीटरचं म्हणत होती. मग नाव बदललं आणि तीन नॅनोमीटर वाचले. एक २०२२ च्या जानेवारीत बाजारात आला, दुसरा एप्रिलमध्ये. किमतीतला फरक किरकोळ, आणि तोही आठवड्यागणिक पक्ष बदलतो. इतक्या सारख्या दोन वस्तूंतून एक उचलायला अक्कल लागत नाही, नाणं पुरतं. पण नाणं उडवू देईल तर ती सोसायटी कसली.

पहिला सल्ला चौथ्या मजल्यावरच्या काकांचा. काका बँकेतून निवृत्त झाले. त्यांच्या शाखेत कॉम्प्युटर आले तेव्हा खोक्यावरची थर्मोकोलची पट्टी त्यांनी स्वतः काढली होती, आणि तेव्हापासून या क्षेत्रातला त्यांचा अधिकार इमारतीत वादातीत आहे. "अहो, डोळे झाकून इंटेल घ्या," ते म्हणाले. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "इंटेल ते इंटेल." या निष्ठेचा पाया म्हणजे १९९१ साली सुरू झालेली 'इंटेल इनसाइड' ही मोहीम आणि १९९४ पासून जाहिरातीच्या शेवटी वाजणारे ते सूर. वॉल्टर वेर्झोवा या ऑस्ट्रियन संगीतकाराने ते बांधले. काकांना ते तोंडपाठ आहेत. सोसायटीच्या उपविधींमधलं एकही कलम तोंडपाठ नाही.

दुसरा सल्ला हिंजवडीहून, व्हिडिओ कॉलवर. भाचा म्हणाला, "मामा, इंटेल आता कोण घेतं?" हा प्रश्न नव्हता, कीव होती. रायझनबद्दल तो अशा आपलेपणाने बोलतो, की २०१७ साली ते बाजारात आणायचा निर्णय त्याच्याच टीमने घेतला असावा. वस्तुतः त्याची टीम एका विमा कंपनीच्या फॉर्ममधली बटणं डावीकडून उजवीकडे नेते.

तिसरे गृहस्थ सानपाड्याचे, ऑफिसातले. त्यांचा पक्ष कोणताच नाही, किंवा दोन्ही आहेत. त्यांचा सल्ला एकच: "आत्ता घेऊ नकोस. थांब. नवीन येतोय." प्रोसेसरच्या धंद्यात नवीन कायमच येत असल्यामुळे हा सल्ला कधीही चुकत नाही. ते स्वतः कित्येक वर्षांपासून थांबलेले आहेत आणि त्याबद्दल समाधानी आहेत. चौथा सल्लागार बी विंगमधला, बारावीतला. "अंकल, बॉटलनेक होईल," एवढंच बोलून तो लिफ्टमध्ये शिरला. कशाचा, कुठे, कुणामुळे, हे सांगायला लिफ्ट थांबली नाही.

बाकीच्या सल्लागारांची ओळख जागेअभावी करून देत नाही. त्यांच्या म्हणण्याचं सार मात्र एकच निघतं: एएमडी तापतो.

'एएमडी तापतो' हे महाराष्ट्रात पहिल्यांदा कुणी कुणाला सांगितलं, याचा माग लागणं कठीण आहे. त्याला आधार नव्हता असंही नाही. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या परीक्षण करणाऱ्या मंडळींनी चालू प्रोसेसरवरचा कूलर उचलून काय होतं त्याची चित्रफीत काढली होती. इंटेलच्या पेंटियम ४ ने वेग कमी करून स्वतःला वाचवलं. एएमडीच्या अ‍ॅथलॉनमधून धूर निघाला. चालू मशीनवरचा कूलर उचलून घेण्याची आमच्या घरात कुणाला सवय नाही, हा मुद्दा मी मांडला. तो कुणी ऐकला नाही. पुढे २०१३ मध्ये एएमडीने २२० वॅटचा एफएक्स-९५९० काढून स्वतःच्या बदनामीला स्वतःच हातभार लावला.

नंतर वारं फिरलं. आय-९ १४९००के जोरात असताना २५३ वॅटपर्यंत जातो, हे इंटेलनेच छापलेलं आहे. २०२४ मध्ये तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे अस्थिर होतात हे कंपनीने मान्य केलं, ऑगस्टमध्ये मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. हे मी काकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "बघा. कंपनी चांगली आहे. वॉरंटी वाढवली." भाच्याला अ‍ॅथलॉनच्या धुराबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, "मामा, मी तेव्हा बालवाडीत होतो." ज्या गोष्टी आपल्या बालवाडीच्या काळात घडल्या त्यांची जबाबदारी आपल्यावर येत नाही, हे त्याचं म्हणणं मला पटलं. पण मग काकांनी ऐन पन्नाशीत ऐकलेल्या सुरांची जबाबदारी माझ्या पीसीवर का यावी?

शिवाय आमचे दोन्ही उमेदवार ६५ वॅटचे. मे महिन्यात नेरुळमध्ये प्रोसेसर तापतो ही तक्रार करायला मन धजत नाही. तिथे नळाचं पाणी तापतं, स्कूटरची सीट तापते आणि वार्षिक सभा तर पावसाळ्यातही तापते.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त खटकतं ते वेगळंच आहे. ज्या दोन घराण्यांसाठी आमचे लोक जिन्यात उभे राहून घसा कोरडा करतात, ती मुळात एकाच वाड्यातली. वाड्याचं नाव फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर. तिथून रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर १९६८ च्या जुलैत बाहेर पडले आणि त्यांनी इंटेल काढली. पाठोपाठ जेरी सँडर्स आणि त्यांचे सहकारी निघाले आणि त्यांनी १ मे १९६९ ला एएमडी काढली. भाच्याच्या मते महाराष्ट्र दिनी स्थापना होणं हा एएमडीच्या बाजूचा भक्कम मुद्दा आहे.

पुढची हकिकत म्हणजे शुद्ध भाऊबंदकी. आयबीएमने १९८१ च्या आपल्या पीसीत इंटेलचा ८०८८ बसवला, पण एकाच पुरवठादाराच्या भरवशावर राहायला आयबीएम तयार नव्हती. म्हणून १९८२ च्या कराराने एएमडीलाही तेच प्रोसेसर बनवायची मुभा मिळाली. ३८६ ची पाळी आली तेव्हा इंटेलने हात आखडता घेतला, एएमडीने लवाद गाठला, मग कोर्ट, आणि समेट व्हायला १९९५ उजाडलं. कोकणात दोन कलमांच्या मधल्या गडग्यावरून याहून जास्त वर्षं दावे चालतात, त्यामुळे यात नवल नाही. २००३ मध्ये एएमडीने ६४ बिटांची पुढची वाट काढली. इंटेलने थोड्याच दिवसांत तीच धरली. आजही निव्वळ इंटेलच्या मशीनवरच्या विंडोजच्या पोटात शिरलं, तर फोल्डरांच्या नावांत 'एएमडी६४' असं लिहिलेलं सापडतं. मी ते काकांना त्यांच्याच घरच्या पीसीवर दाखवलं. त्यांनी लगेच अँटिव्हायरस चालवला.

२००९ मध्ये इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर मोजून जुने दावे मिटवले. २०१८ मध्ये इंटेलचा प्रोसेसर आणि एएमडीचं ग्राफिक्स एकाच पॅकेजात बसवून विकायला आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोघांनी मिळून आपल्या सामायिक एक्स८६ वारशासाठी एक सल्लागार मंडळ नेमलं. त्याच महिन्यात इंटेलचे कोअर अल्ट्रा २०० मालिकेतले डेस्कटॉप प्रोसेसर आले. त्यांचे कोअर ज्या तुकड्यावर असतात तो तैवानच्या टीएसएमसीत घडतो, आणि रायझनचे कोअरही तिथेच घडतात. दोघांचीही मोठी डिझाइन केंद्रं बेंगळुरूत आहेत. म्हणजे आराखडा काढायला शहर एक, घडवायला कारखाना एक, वाद मिटवायला मंडळही एक. वेगळं राहिलंय ते फक्त आमच्या सोसायटीत.

यात एक पुणेकरही आहे, हे सांगितलं नाही तर महाराष्ट्रावर अन्याय होईल. विनोद धाम यांचा जन्म १९५० चा, पुण्यातला. १९९३ मध्ये आलेल्या पेंटियमचे जनक म्हणून जग त्यांना ओळखतं. तेच धाम १९९५ मध्ये इंटेल सोडून नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले, ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि १९९७ मध्ये पेंटियमच्या तोंडाला फेस आणणारा एएमडीचा के६ बाजारात आला, त्यामागेही धामच होते. पुण्यात जन्मलेल्या माणसाने दोन्ही बाजूंना त्यांचं काय चुकतंय ते जागेवर जाऊन दाखवून द्यावं, यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही. २०२५ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झालं. ते इंटेलसाठी की एएमडीसाठी, असा प्रश्न आमच्या जिन्यात उपस्थित झाला आणि तो अजून प्रलंबित आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने इंटेलमध्ये सुमारे १० टक्के हिस्सा घेतला. भाच्याने मला फोन करून आनंदाने सांगितलं, "मामा, संपलं. इंटेल सरकारी झाली." मी ते काकांना सांगितलं. काकांचा चेहरा उजळला. "सरकारी ना? मग बुडत नाही," ते म्हणाले. एकाच बातमीने दोन्ही पक्षांना इतकं निखळ समाधान दिल्याचं मी त्यापूर्वी फक्त निवडणूक निकालाच्या रात्री पाहिलं होतं.

असो. पक्ष ठरला तरी प्रोसेसर ठरत नाही, ही पुढची तक्रार. कारण आकड्यांच्या शेपटीला अक्षरं असतात. रायझन ५ ५६०० म्हटल्यावर दुकानदार विचारतो, कुठला? ५६००, ५६००एक्स, ५६००जी, ५६००जीटी, ५६००टी, ५६००एक्सटी की ५६००एक्स३डी? हे सातही खरोखर अस्तित्वात आहेत. इंटेलकडे एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, के म्हणजे वेग हवा तसा वाढवा, केएफ म्हणजे वेग वाढवा पण ग्राफिक्स नाही, टी म्हणजे वीज कमी खातो. इथवर माणूस पाठ करू शकतो. खरी मेख पुढे आहे. इंटेलच्या आकड्यामागे अक्षर नसेल तर ग्राफिक्स आत आहे. रायझन ५००० च्या आकड्यामागे अक्षर नसेल तर ग्राफिक्स आत नाही. ते हवं तर जी पाहिजे. रायझन ७००० मध्ये पुन्हा अक्षर नसेल तर ग्राफिक्स आहे, आणि नको असेल तर एफ. हे मी एका कागदावर लिहून काढलं आणि कागद बिलांच्या फाईलला लावला. आमच्या हिशेबतपासनीसांनी तो पाहून 'नोंद घेतली' असा शेरा मारला आहे.

त्यानंतर सॉकेट. प्रोसेसर एकटा बदलता येईल, असं वाटणं हे वयाचं लक्षण आहे. इंटेलने २०१५ मध्ये ११५१ संपर्कबिंदूंचं सॉकेट आणलं. २०१७ च्या अखेरीस आठव्या पिढीसाठी नवे बोर्ड आणले. त्यांच्यावरही बिंदू ११५१ च, खाचेत प्रोसेसर नीट बसतो, पण जुन्या बोर्डावर नवा चालत नाही. बसतो आणि चालत नाही, हा प्रकार मी सरकारी पंख्यांच्या बाबतीत पाहिला होता. मग २०२० मध्ये १२०० बिंदू, २०२१ मध्ये १७००, २०२४ मध्ये १८५१. संख्या वाढत गेली, बोर्ड बदलत गेले.

एएमडीचं उलट. त्यांचं एएम४ सॉकेट २०१६ सालचं. ते २०२० पर्यंत चालवू असं त्यांनी सांगितलं होतं, आणि २०२४ मध्येही त्यावर नवे प्रोसेसर येत होते. त्यानंतरच्या एएम५ ला तर २०२७ पर्यंत आणि त्याच्याही पुढे आधार देण्याचं त्यांनी जाहीर केलं आहे. भाचा हे सांगताना भारावून जातो. "मामा, फ्यूचर प्रूफ!" आमची इमारत २०२७ मध्ये जागेवर असेल की रिडेव्हलपमेंटला गेलेली असेल याचा निर्णय सर्वसाधारण सभेत तीनदा तहकूब झालेला आहे. सॉकेट टिकेल. ते ठेवायला टेबल असेल का, हे एएमडीने जाहीर केलेलं नाही.

शिवाय टिकाऊपणाचीही एक अट असते. जुन्या बोर्डाने नवा प्रोसेसर ओळखायला बायोस अपडेट लागतं, आणि पुष्कळ बोर्डांवर ते करायला बोर्ड ओळखतो असा जुना प्रोसेसर लागतो. २०१८ मध्ये एएमडीने अडलेल्या ग्राहकांना बायोस अपडेट करण्यापुरता प्रोसेसर उसना देण्याची सोय केली होती. वापरा आणि परत करा. शेजारधर्माचं इतकं शुद्ध उदाहरण आमच्या मजल्यावर इस्त्रीच्या बाबतीतही आढळत नाही.

परीक्षणं वाचून शंका फिटेल, असं वाटत असेल तर तसं होत नाही. परीक्षण करणारे लोक हा मध्यम प्रोसेसर घेतात, त्याच्या शेजारी त्याच्या कित्येक पट किमतीचं ग्राफिक्स कार्ड लावतात आणि सेकंदाला किती फ्रेम पडतात ते मोजतात. फ्रेम शेकड्यांनी पडतात. आमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठच्या वर चित्र बदलून दाखवणं त्याच्या कुळात नाही. दुसऱ्या चाचणीत सिनेबेंच नावाचा प्रकार चालवून एक त्रिमिती चित्र रंगवायला लावतात आणि गुण देतात. मी आजवर एकही त्रिमिती चित्र रंगवलेलं नाही. सभासदांनी रंगवायला सांगितला होता तो जिना, आणि तोही द्विमितीच राहिला. थकबाकीवरच्या व्याजासह मेंटेनन्सची बिलं काढताना कोणता प्रोसेसर पुढे राहतो, ही चाचणी मला कुठेच सापडली नाही.

आता रॅमबद्दलची तक्रार, वेगळी राखून ठेवलेली. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव जगभर भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांना मेमरी कमी पडतेय, तेव्हा बनवणाऱ्यांनी मोर्चा तिकडे वळवला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा आपला 'क्रुशियल' ब्रँड बंद करत असल्याचंच जाहीर केलं. दिल्ली-बेंगळुरूच्या माणसाला ही बातमी अमूर्त वाटेल. आम्हाला ती बसच्या खिडकीतून दिसते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा जो पट्टा एके काळी नाकाला रसायनांमुळे ओळखू यायचा, तिथे ऐरोली, रबाळे, महापे करत डेटा सेंटरं उभी राहिली आहेत. पनवेलला योट्टाचं भलं थोरलं केंद्र २०२० पासून आहे. या इमारतींना खिडक्या जवळजवळ नसतात, थंडावा मात्र चोवीस तास असतो. जगभरच्या अशा केंद्रांत इंटेलचे झिऑन आणि एएमडीचे एपिक एका छताखाली गुण्यागोविंदाने काम करतात. त्यांच्यात चौथा मजला आणि हिंजवडी नसतं. माझ्या वाटणीची रॅम तिथे थंड हवेत बसली आहे, आणि मी सोळा जीबीच्या जुन्या पट्ट्या खोडरबराने घासतोय. खाडीकाठच्या दमट हवेत त्यांच्या सोनेरी कडा काळवंडतात. खोडरबर हा त्यावरचा सर्वमान्य इलाज आहे. दोन्ही पक्षांना मान्य असलेली ही एवढी एकच गोष्ट मला या प्रकरणात आढळली.

खरेदीसाठी वाशीच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "गेमिंग करता?" मी म्हटलं, "हिशेब करतो." त्याने माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं आणि एक कॉम्बो दाखवला: प्रोसेसर, बोर्ड, कूलर, तिन्ही लाल दिव्यांचे. मी दिवे वगळून किंमत विचारली. दिव्यांना वेगळी किंमत नाही, ते यायचेच, असं कळलं. मग काकांनी आणि भाच्याने आयुष्यात पहिल्यांदा एकमताने सांगितलं, की खरा माल लॅमिंग्टन रोडलाच.

लॅमिंग्टन रोडचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड लॅमिंग्टन केव्हाच गेले, पण एसएमपीएसच्या दुकानदारांनी त्यांचं स्मारक जिवंत ठेवलं आहे. नवी मुंबईकराने हार्बरने कुर्ल्याला उतरावं, मध्य रेल्वेने दादर गाठावं, पूल ओलांडून पश्चिम रेल्वे धरावी आणि ग्रँट रोडला उतरावं. नोकरदार माणसाला हे रविवारीच जमतं. रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक असतो. मेगाब्लॉक नसला तरी उपयोग नाही, कारण रविवारी तो बाजार बंद असतो. या दोन संस्थांमध्ये असा समन्वय कोण घडवून आणतं, हे कळलं तर त्या माणसाला आमच्या कार्यकारिणीवर घ्यायची माझी तयारी आहे.

रजा टाकून गेलो. तिथे प्रश्न पक्षाचा नसतोच. "साब, बॉक्स पीस या ट्रे?" बॉक्स पीस म्हणजे खोक्यातला, कूलरसकट आणि कंपनीच्या तीन वर्षांच्या वॉरंटीसह, ट्रे पीस म्हणजे कागदात गुंडाळलेला, दुकानदाराच्या शब्दासह. "बिल चाहिए?" हा दुसरा प्रश्न. मी सोसायटीचा खजिनदार आहे हे सांगून अठरा टक्के जीएसटीसह बिल मागितलं. दुकानात क्षणभर शांतता पसरली. मग त्यांनी बिलबुक शोधायला एका मुलाला वर पाठवलं.

बोर्ड, प्रोसेसर घरी आले. बसवायचं काम मुलाने केलं, आणि प्रोसेसर व कूलरमध्ये लावायची थर्मल पेस्ट किती, यावर जिन्यात नव्याने दोन तट पडले: वाटाण्याएवढी आणि तांदळाच्या दाण्याएवढी. बी विंगमधला बारावीचा मुलगा फुलीच्या आकाराच्या बाजूचा निघाला. आमच्या खोक्यातल्या कूलरला पेस्ट कारखान्यातूनच लावून आलेली होती. हे मी जाहीर केलं तेव्हा सगळेच थोडे नाराज झाले.

मशीन चालू झालं. विंडोज ११ ने कागदपत्रं तपासून प्रवेश दिला. कोणता प्रोसेसर घेतला, असं वाचकांपैकी निम्मे विचारतील आणि उरलेले निम्मे 'आम्ही म्हटलंच होतं' म्हणायला तयार बसले असतील. मी ते सांगणार नाही. काकांना मी सांगितलंय की इंटेल घेतला. भाच्याला सांगितलंय की एएमडी घेतला. पुढच्याच आठवड्यात काका हयातीच्या दाखल्याचं प्रिंट काढायला खाली आले, खुर्चीत बसले, माऊस इकडून तिकडे फिरवला आणि म्हणाले, "फरक कळतो की नाही? इंटेलचा हात लागला की मशीन कसं लोण्यासारखं चालतं." संध्याकाळी भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. त्याने मला गप्प बसायला सांगून फोन कॅबिनेटजवळ न्यायला लावला, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "मामा, पंख्याचा आवाज तरी येतोय का? यालाच म्हणतात रायझन."

दोघांच्याही मताचा मला आदर आहे. कॅबिनेटचा दरवाजा चार स्क्रूंनी बंद आहे. खोक्यात मिळालेलं कंपनीचं स्टिकर मी बिलाला टाचून फाईलमध्ये ठेवलंय, आणि वॉरंटीची तीन वर्षं सरेपर्यंत ती फाईल खजिनदाराच्या ताब्यात राहील.